पेड मेंबरशिप कम्युनिटी कशी उभी करायची आणि वाढवायची: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

“पेड कम्युनिटी (म्हणजे फी भरून आत येणाऱ्यांचा ऑनलाइन गट) सुरू करायचीय, कुठला प्लॅटफॉर्म घेऊ?” हा मेसेज मला सारखा येतो आणि माझं उत्तर ठरलेलं असतं, प्लॅटफॉर्मचं नंतर बघू, आधी हे सांगा की तिथे आलेल्या माणसाने पहिला प्रश्न टाकला तर त्याला उत्तर कोण देणार आणि किती वेळात देणार. फ्रीलान्स डिझायनर लोकांची एक पेड कम्युनिटी मी बरीच वर्षं चालवतेय, त्याआधी दुसऱ्यांच्या कम्युनिटीत मॉडरेटर, म्हणजे चर्चेवर लक्ष ठेवणारी, होते, आणि माझं मत आता पक्कं झालंय: लोक व्हिडिओ, पीडीएफ, टेम्प्लेट बघून आत येतात खरे, पण दर महिन्याला पैसे कापले जात असताना थांबून राहतात ते आतल्या माणसांमुळे. आपलं कोणीतरी ऐकलं, उत्तर दिलं, आपली आठवण ठेवली, यासाठी. खालच्या सगळ्या पायऱ्या हेच डोक्यात ठेवून वाचा.

१. कोणासाठी आणि कशासाठी, ते एका वाक्यात लिहा

“क्रिएटिव्ह लोकांसाठी एक छान जागा” हे वाक्य चालत नाही. वाचणाऱ्याला “अरे, हे माझ्याबद्दलच आहे” असं वाटलं पाहिजे. साचा साधा आहे: अमुक माणसं, जी सध्या अमुक ठिकाणी अडकलीयत, त्यांना अमुक जमायला लागावं म्हणून ही कम्युनिटी. उदाहरणार्थ, “नोकरी सोडून पहिल्या दोन वर्षांत असलेले फ्रीलान्स डिझायनर, ज्यांना काम येतंय पण पैसे वेळेवर मिळत नाहीत”. हे वाचून ८० टक्के डिझायनर म्हणतील की हे माझ्यासाठी नाही, आणि ते चांगलंच आहे, कारण उरलेले २० टक्के एकमेकांच्या खरंच उपयोगाचे असतील.

विषय अरुंद ठेवायची भीती सगळ्यांनाच वाटते. पण जुना दाखला बघा. १९८५ साली स्टुअर्ट ब्रँड आणि लॅरी ब्रिलियंट यांनी अमेरिकेत ‘द वेल’ नावाची ऑनलाइन कम्युनिटी सुरू केली, वेब यायच्या कितीतरी आधी, डायल-अप मोडेमवर, आणि लोक तिथे पैसे भरून बोलायला यायचे. तिथे राजकारणापासून कॉम्प्युटरपर्यंत सगळ्या विषयांच्या चर्चा होत्या, पण सुरुवातीच्या काळात कमाईचा मोठा भाग आला तो ‘ग्रेटफुल डेड’ या एका बँडच्या चाहत्यांकडून, त्यातले कितीतरी जण बाकीच्या चर्चांकडे फिरकतसुद्धा नसत. एकाच गोष्टीने झपाटलेली माणसं एकत्र आली की ती बोलतात, रोज बोलतात आणि त्यासाठी खुशीने पैसे देतात.

२. पैसे घ्यायच्या आधी माणसांशी बोला

सर्व्हेचा फॉर्म पाठवून मोकळं होऊ नका, फॉर्ममध्ये लोक भिडेखातर “हो, नक्की जॉईन होईन” लिहितात. दहा-पंधरा जणांशी प्रत्यक्ष कॉलवर बोला आणि पुढच्याविषयी विचारण्यापेक्षा झालेलं विचारा: हा प्रॉब्लेम शेवटचा कधी आला होता, तेव्हा कोणाला विचारलंत, त्यासाठी आधी कुठे पैसे खर्च केलेत का, आणि त्यातून काय मिळालं नाही. ज्याने आधी कोर्स घेतलाय, पुस्तकं घेतलीयत, कुणाला तरी फी देऊन सल्ला घेतलाय तो तुमचा संभाव्य मेंबर. ज्याने आजवर या प्रश्नासाठी तासभर सुद्धा दिलेला नाही तो गोड बोलेल पण कार्ड काढणार नाही.

बोलताना त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. “क्लायंट मेसेज सीन करून गप्प बसतो” हे कोणीतरी म्हणालं तर तेच वाक्य पुढे तुमच्या जॉइनिंग पेजवर टाकायचं, त्याचं “पेमेंट कलेक्शन स्ट्रॅटेजी” करायचं नाही.

याच लोकांची एक वेटिंग लिस्ट करा, ईमेलवर. सोशल मीडियाचे फॉलोअर वेगळे आणि ईमेल दिलेली माणसं वेगळी, आणि यातली दुसरी यादीच फक्त तुमची असते.

३. फी ठरवताना

इथे लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि फी अगदी चिल्लर ठेवतात, वाटतं की स्वस्त ठेवलं की भरपूर येतील. तीन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली, पेमेंट कंपन्या साधारणपणे टक्केवारी अधिक एक ठरावीक रक्कम असं कापतात, म्हणजे फी जितकी छोटी तितका त्या ठरावीक रकमेचा बोजा जास्त. डिसेंबर २०१७ मध्ये पेट्रिऑनने (चाहते कलाकारांना नियमित पैसे देतात ती साइट) हा पेमेंटचा खर्च पैसे देणाऱ्या चाहत्यांवर टाकायचं जाहीर केलं होतं, दर देणगीमागे २.९ टक्के अधिक ३५ सेंट, आणि सगळ्यात मोठा फटका एक-एक डॉलर देणाऱ्यांना बसणार होता. लोकांनी धडाधड देणग्या बंद केल्या आणि काही दिवसांतच कंपनीला माफी मागून बदल मागे घ्यावा लागला. तुमची फी इतकी छोटी नको की अर्धा जीव त्या कापाकापीतच जाईल.

दुसरी, फीचं काम फक्त कमाईचं नसतं, ती दारावरची चाळणीसुद्धा असते. मेटाफिल्टर ही १९९९ पासूनची चर्चेची साइट, तिथे २००४ पासून नवीन अकाउंटला एकदाच ५ डॉलर घ्यायला लागले. रक्कम किरकोळ, पण नुसता गोंधळ घालायला येणारा माणूस तेवढ्यानेसुद्धा परत फिरतो.

तिसरी, मासिक आणि वार्षिक असे दोनच पर्याय ठेवा. वार्षिक भरणाऱ्याला दोन महिन्यांची सूट द्यायची पद्धत आहे, ती ठीक आहे. वार्षिकवाला दर महिन्याला “ठेवू का बंद करू” हा विचार करत नाही, शिवाय तुमच्या हातात आधीच पैसे येतात. पण ते पैसे अजून कमावलेले नाहीत, बारा महिने सेवा द्यायचीय, त्यामुळे सगळे आल्याआल्या खर्च करू नका.

सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असल्या पायऱ्या सुरुवातीला नकोत, कुठल्या मेंबरला काय दिसतं हे सांभाळण्यातच तुमचा वेळ जाईल. आणि “लाइफटाइम मेंबरशिप” तर अजिबात विकू नका. एकदाच पैसे घ्यायचे आणि आयुष्यभर उत्तरं देत बसायची, हा हिशोब पहिल्या वर्षी भारी वाटतो आणि तिसऱ्या वर्षी गळ्याशी येतो.

पहिल्या तुकडीला कमी फी द्यायची असेल तर जरूर द्या, त्यांना ‘फाउंडिंग मेंबर’ म्हणा, आणि त्यांचा दर पुढे वाढणार की तोच राहणार हे आधीच लेखी सांगा. मात्र फुकट देऊ नका, अगदी जवळच्या मित्रांनासुद्धा, कारण फुकट आलेला माणूस येतो आणि विसरतो आणि मग तुम्हाला कळतच नाही की गोष्ट चालतेय की नाही.

४. प्लॅटफॉर्म निवडताना

आता हा मुद्दा. फीचर्सची लांबलचक तुलना करत बसू नका, चार प्रश्न विचारा.

मेंबरांची यादी ईमेलसकट बाहेर काढता येते का? पेमेंटचं खातं तुमच्या नावावर आहे का प्लॅटफॉर्मच्या? जुन्या चर्चा शोधता येतात का? आणि तुमची माणसं रोज जिथे असतात तिथून हे किती लांब आहे?

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि मी हे उगाच घाबरवायला सांगत नाही. लोकांना स्वतःचं सोशल नेटवर्क काढून देणाऱ्या निंगने २०१० मध्ये फुकट नेटवर्क बंद केली, गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये सर्वसामान्य लोकांसाठी बंद झालं, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये गेले, आणि त्या प्रत्येकावर वर्षानुवर्षं जमलेली माणसं होती. ज्यांच्याकडे ईमेलची यादी होती ते दुसरीकडे जाऊन परत सुरू झाले. म्हणून दर महिन्याला एक तारखेला यादी एक्सपोर्ट करून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे.

थोडक्यात कुठे काय: व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम ग्रुप सगळ्यांना येतात पण चर्चा वाहून जाते, काल विचारलेला प्रश्न आज सापडत नाही, आणि फोन नंबर एकमेकांना दिसतात की नाही हे आधी तपासा. डिस्कॉर्ड गप्पांसाठी छान, नवख्याला मात्र पहिल्यांदा भांबावून सोडतं. स्लॅक ऑफिसवाल्यांना ओळखीचं, पण फुकटच्या प्लॅनमध्ये ९० दिवसांपेक्षा जुने मेसेज दिसत नाहीत, म्हणजे कम्युनिटीचं सगळं शहाणपण तीन महिन्यांनी नजरेआड. डिस्कोर्स हे ओपन सोर्स (कोणीही फुकट घेऊन स्वतः चालवू शकेल असं) चर्चेचं फोरम आहे, शोधायला आणि साठवायला उत्तम, पण स्वतः चालवायचं तर थोडी तांत्रिक माहिती लागते. सर्कल, मायटी नेटवर्क्स, स्कूल (Skool) यांच्यासारखी तयार साधनं मेंबरशिप, चर्चा, लाइव्ह सेशन सगळं एकाच ठिकाणी देतात, त्याबदल्यात दर महिन्याचा खर्च असतो. आणि हो, फोनच्या ॲपमधून सबस्क्रिप्शन विकलं तर ॲप स्टोअरचं कमिशन ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, म्हणून जिथे चालतं तिथे लोकांना वेबवरूनच पैसे भरायला सांगा.

माझा सल्ला विचाराल तर पहिल्या पन्नास मेंबरांपर्यंत तुम्हाला स्वतःला जे डोळे झाकून वापरता येतं तेच घ्या.

५. दार उघडण्याआधी हे तयार ठेवा

- पेमेंट घ्यायचं खातं, आणि ते उघडायला लागणारी कागदपत्रं: ओळखपत्र, बँक खात्याचा तपशील, व्यवसाय नोंदणी असेल तर ती. पडताळणीला वेळ लागतो, त्यामुळे हे सगळ्यात आधी सुरू करा
- दर महिन्याला आपोआप कापलं जाणारं पेमेंट सेट केलेलं, आणि स्वतःच्या कार्डाने एकदा भरून, कॅन्सल करून, रिफंड घेऊन तपासलेलं
- कराबद्दल एकदा अकाउंटंटशी बोलणं. ऑनलाइन सेवेवर बऱ्याच देशांत कर लागतो आणि मेंबर दुसऱ्या देशातले असले तर नियम बदलतात
- रिफंडचा नियम, दोन ओळीत, जॉइनिंग पेजवरच
- प्रायव्हसी पॉलिसी: काय माहिती घेता, कुठे ठेवता, कोणाला दिसते. युरोपातले मेंबर असतील तर मे २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा तुम्हालाही लागू होऊ शकतो
- वागण्याचे नियम, एका पानात
- मेंबरांना मेल पाठवायचं साधन
- एक साधी शीट: नाव, कधी आले, शेवटचं कधी बोलले, कशात अडकलेत

शेवटच्या शीटला कोणी भाव देत नाही. माझ्या मते ती या सगळ्यात मौल्यवान आहे.

६. पहिली तुकडी छोटी ठेवा

वीस-तीस जण पुरेत. ज्यांच्याशी कॉलवर बोललात त्यांनाच आधी वैयक्तिक मेसेज करा, “तुम्ही म्हणाला होतात की करार लिहिताना अडतं, त्याच कामासाठी हे सुरू करतेय, पहिल्या तुकडीत याल का?” असा. सामूहिक घोषणा त्यानंतर.

आत फक्त तीन-चार विभाग ठेवा: ओळख, प्रश्न, झालेलं काम दाखवायला जागा, आणि इकडच्यातिकडच्या गप्पा. पंधरा चॅनल उघडून ठेवले आणि तेरा रिकामे असले की नवीन माणसाला वाटतं इथे कोणी राहतच नाही. एखाद्या विषयावर इतकं बोलणं व्हायला लागलं की बाकीचे वैतागले, मग त्याचा वेगळा विभाग काढायचा.

७. नवीन मेंबरचे पहिले सात दिवस

सगळा लेख विसरलात तरी चालेल, हा भाग विसरू नका. माणूस राहणार की जाणार हे बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातच ठरतं, कॅन्सल भले तो तीन महिन्यांनी करेल.

सगळ्या कम्युनिटीत एक ओळख करून द्यायचा थ्रेड (एका विषयाखालची चर्चा) असतो आणि तिथे माणसं लिहितात, “नमस्कार, मी नवीन आहे, ब्रँडिंगचं काम करते, तुम्हा सगळ्यांकडून शिकायला आलेय.” त्याला चार थम्ब्स-अप येतात, एखादं “वेलकम!” येतं आणि विषय संपतो. यात कोणाची चूक नाही, त्या पोस्टमध्ये उत्तर देण्यासारखं काही नसतंच. म्हणून आमच्याकडे मोकळी ओळख नाही, तीन प्रश्न आहेत: सध्या हातात कुठलं काम आहे, त्यात नेमकं कुठे अडलंय, आणि इतरांना तुमची कशात मदत होऊ शकेल. तीच ब्रँडिंगवाली मग असं लिहिते, “एका क्लायंटचा लोगो चालू आहे, तिसऱ्यांदा बदल सांगितलेत, किती बदल फीमध्ये धरलेत ते करारात लिहिलंच नव्हतं, आता वरचे पैसे कसे मागू कळत नाहीये. लेटरिंगमध्ये (अक्षरं रेखाटण्यात) मात्र कोणालाही मदत करू शकते.” आता बघा काय होतं, एकजण स्वतःच्या करारातलं कलम चिकटवतो, दुसरी क्लायंटला पाठवायच्या मेसेजचा मसुदाच लिहून देते, तिसरा म्हणतो माझं एक लेटरिंगचं काम अडलंय, जरा बघशील का. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती बाई कोणाची तरी मदत घेऊन आणि कोणाला तरी मदत करून मोकळी झालेली असते.

आणि हे आपोआप घडेल म्हणून वाट बघत बसायचं नाही. नवीन पोस्ट आली की मी शीट उघडते, याच प्रश्नातून कोण गेलंय ते बघते आणि दोघांना टॅग करते, “तुम्ही मागे बदलांच्या मर्यादेबद्दल लिहिलं होतंत, जरा इकडे बघाल?” टॅग केलेल्या माणसालाही बरं वाटतं, आपलं लिहिलेलं कोणाच्या तरी लक्षात आहे म्हणून.

क्रम साधारण असा ठेवा:

पहिल्या तासात आपोआप जाणारा मेल, त्यात एकच काम सांगा, ओळखीचे तीन प्रश्न भरा. सतरा लिंक देऊ नका, स्वागताच्या मेलमध्ये कोर्स, ॲप, कॅलेंडर, नियम, सगळं कोंबलं की माणूस “नंतर निवांत बघू” म्हणतो आणि तो निवांतपणा कधीच येत नाही.

पहिल्या चोवीस तासांत त्याच्या पोस्टला कमीत कमी एक खरं उत्तर. कोणी दिलं नाही तर तुम्ही द्या.

तिसऱ्या दिवशी तुमचा वैयक्तिक मेसेज, टेम्प्लेट वाटणार नाही असा, त्याने जे लिहिलं त्याचा उल्लेख करून.

सातव्या दिवसापर्यंत एखाद्या लाइव्ह कॉलला बोलवा, आणि एकटा येऊन कोपऱ्यात बसेल असं न करता आधी ओळख झालेल्या कोणाशी तरी जोडून द्या.

जो सात दिवसांत काहीच बोलला नाही त्याला “तुम्ही ॲक्टिव्ह नाही आहात” असा शाळेतल्या सूचनेसारखा मेसेज नको. “काय मिळेल असं वाटून आला होतात, ते अजून मिळालंय का?” एवढंच विचारा.

८. आठवड्याची लय

रोज नवा कंटेंट टाकायची गरज नाही, उलट त्याने मेंबरांवर ओझं येतं, “मागचंच बघायचं राहिलंय” असं वाटायला लागलं की लोक अपराधीपणाने कॅन्सल करतात. हे मी खूपदा ऐकलंय, सोडून जाताना भरायच्या फॉर्ममध्ये “छान आहे पण वेळ मिळत नाही” असं लिहिलेलं असतं, आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा की त्यांना वाटलं सगळं बघावंच लागतं.

त्यापेक्षा ठरलेल्या दिवशी ठरलेली गोष्ट. आठवड्याच्या सुरुवातीला “या आठवड्यात काय संपवणार” हा थ्रेड, मध्ये एकदा तासाभराचा लाइव्ह कॉल, शेवटी “काय झालं, काय राहिलं”. एवढं नियमित, सहा महिने न चुकता चाललं तर पुरे. शिवाय आठवड्यातून एकदा सारांशाचा मेल पाठवा: या आठवड्यातले तीन चांगले प्रश्न, त्यांची उत्तरं कोणी दिली, आणि एक प्रश्न ज्याला अजून उत्तर मिळालेलं नाही. आतल्या ॲपचं नोटिफिकेशन बंद केलेले लोकसुद्धा या मेलमुळे परत येतात.

बोलणारे कमी आणि वाचणारे जास्त हे बघून घाबरू नका. वेबसाइट लोक कशा वापरतात याचा अभ्यासक जेकब निल्सन याने २००६ मध्ये मांडलेलं ९०-९-१ चं ढोबळ गणित प्रसिद्ध आहे, ९० टक्के नुसतं वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात, १ टक्का सारखं लिहितात. ते मोठ्या खुल्या साइट्सबद्दल होतं, पैसे भरून आलेल्या छोट्या गटात प्रमाण बरंच चांगलं ठेवता येतं, पण शांत वाचणारे तिथेही असणारच. ते पैसे भरतायत, रिन्यू करतायत, म्हणजे त्यांना काहीतरी मिळतंय. त्यांना जबरदस्तीने बोलतं करायच्या भानगडीत पडू नका.

९. नियम आणि मॉडरेशन

नियम थोडे पण स्पष्ट: सेल्फ-प्रमोशन कुठे चालेल, आतलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, स्क्रीनशॉट नाहीत, कोणाला त्याने न मागता खासगी मेसेज करून काही विकायचं नाही. हा शेवटचा नियम नक्की घाला, कारण पेड कम्युनिटीत असे लोक येतातच ज्यांना तुमचे मेंबर म्हणजे तयार गिऱ्हाईकांची यादी वाटते.

पैसे दिलेल्या माणसाला बाहेर काढायला जीव होत नाही, समजू शकते. पण एक त्रासदायक माणूस ठेवला तर जे दहा जण जातात ते न सांगता जातात. पहिल्यांदा खासगीत सांगा, दुसऱ्यांदा लेखी ताकीद, तिसऱ्यांदा उरलेल्या काळाचे पैसे परत करून नमस्कार. चारचौघांत वाद घालू नका.

मॉडरेटर बाहेरून आणण्यापेक्षा आतल्यांमधून निवडा, जे आधीपासून न सांगता उत्तरं देतायत ते. त्यांना फी माफ करा, जमलं तर मानधन द्या, आणि कामाचे तास ठरवून द्या, नाहीतर तुमची सगळ्यात चांगली माणसंच आधी थकतात.

१०. गळतीचं गणित

दर महिन्याला किती मेंबर सोडून जातात, हा आकडा बहुतेक लोक बघतच नाहीत. समजा महिन्याला ५ टक्के मेंबर जातात, ऐकायला किरकोळ वाटतं. पण आजच्या १०० पैकी वर्षाअखेर साधारण ५४ उरतात. १० टक्के जात असतील तर वर्षाने उरतात २८.

आता दुसरी बाजू. दर महिन्याला नवीन येणारे भागिले गळतीचा दर, म्हणजे तुमची कम्युनिटी जास्तीत जास्त किती मोठी होणार तो आकडा. महिन्याला १० नवीन येतात आणि ५ टक्के जातात, तर २०० वर गाडी थांबते, कारण २०० चे ५ टक्के म्हणजे १०, जितके आले तितके गेले. कितीही वर्षं चालवा. गळती ३ टक्क्यांवर आणली तर तेवढ्याच नवीन माणसांत ३३३ पर्यंत जाता येतं, जाहिरातीवर एक पैसा जास्त न घालवता. मला कोणी म्हणालं की वाढ थांबलीय, मार्केटिंग कसं करू, तर मी आधी हा भागाकार करून बघायला सांगते.

गळती दोन प्रकारची असते. एक, माणूस ठरवून जातो. दुसरी, कार्डची मुदत संपली, बँकेने नाकारलं, आणि माणसाला पत्ताच नाही की आपण बाहेर पडलोय. दुसरी लगेच कमी करता येते: पेमेंट साधनात पुन्हा प्रयत्न करायची सेटिंग चालू करा, कार्डची मुदत संपायच्या आधी मेल जाऊ द्या, आणि पेमेंट फसल्यावर लगेच दार बंद न करता आठवडाभर आत राहू द्या. त्या काळात एक साधा वैयक्तिक मेसेज पाठवलात तर बरेच जण त्याच दिवशी कार्ड बदलतात.

ठरवून जाणाऱ्यांसाठी कॅन्सलचं बटण सहज सापडेल असं ठेवा, कृपा करून. लपवलंत तर माणूस बँकेत तक्रार करून पैसे परत घेईल, त्याचा दंड तुम्हालाच पडतो आणि वर नाव खराब. कॅन्सल करताना एकच प्रश्न विचारा, “आत्ताच का?”, आणि एक-दोन महिने थांबवून ठेवायचा पर्याय द्या. बाळंतपण, परीक्षा, कामाचा डोंगर, माणसाला खरंच ब्रेक हवा असतो.

वार्षिक रिन्यूअलच्या आधी आठवण करून देणारा मेल पाठवा. “आठवण केली तर कॅन्सल करतील” हे खरं आहे, थोडे करतील. पण न सांगता वर्षाचे पैसे कापलेला माणूस जे बाहेर बोलतो ते जास्त महाग पडतं.

११. वाढवायचं कसं

पहिल्या सहा महिन्यांत वाढीच्या मागे लागू नका. नवीन माणसाला चोवीस तासांत खरं उत्तर मिळतंय आणि गळतीचा आकडा खाली येतोय असं दिसलं की मग.

सगळ्यात चांगलं चालतं ते असं: आत झालेली एखादी चांगली चर्चा घ्या, संबंधितांची परवानगी घ्या, नावं काढा, आणि त्यावरून बाहेर सगळ्यांसाठी एक लेख किंवा छोटा व्हिडिओ करा. वाचणाऱ्याला आतलं बोलणं कसं असतं त्याची झलक मिळते आणि त्याखाली जॉइनिंगची लिंक वेगळं काही न सांगता काम करते. नवीन माणूस आणल्याबद्दल मेंबरांना बक्षीस द्यायचं असेल तर पैशापेक्षा एक महिना फुकट द्या, नाहीतर ओळखीच्या कोणालाही आत ढकलायला लागतात.

वर्षभर दार उघडं ठेवायचं की ठरावीक वेळीच, यावर मतं वेगवेगळी आहेत. मी वर्षातून चारदा उघडते. एका वेळी आलेली माणसं एकमेकांना ओळखतात, त्यांची एक बॅच तयार होते, आणि स्वागताचं काम मला दोन आठवडे मन लावून करता येतं. तोटा असा की आज उत्साहात आलेला माणूस तीन महिने थांबत नाही, त्यामुळे वेटिंग लिस्टवर मधल्या काळात काहीतरी पाठवत राहावं लागतं. तुम्ही पूर्णवेळ हेच करणार असाल आणि मदतीला कोणी असेल तर उघडं ठेवलेलंही चालेल.

दीडशे-दोनशेच्या पुढे गेल्यावर सगळे सगळ्यांना ओळखेनासे होतात, तिथे आठ-दहा जणांचे छोटे गट करा, कामाच्या प्रकारानुसार किंवा अनुभवानुसार. प्रत्येक गटात एक जुना मेंबर ठेवा.

१२. सुट्टी, आणि बंद करायची वेळ आली तर

वर्षातून दोन आठवडे कम्युनिटी अधिकृतपणे शांत ठेवा आणि ते जॉइनिंग पेजवरच लिहा, तक्रार कोणी करत नाही. आजारपण किंवा अडचणीसाठी एका मॉडरेटरकडे ॲडमिनचा ॲक्सेस आणि पासवर्ड सुरक्षित ठेवलेले असू द्या.

बंदच करायची ठरली तर कमीत कमी ६० दिवस आधी सांगा, सांगितल्याच दिवशी नवीन पेमेंट थांबवा, वार्षिकवाल्यांना उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करा (म्हणून ते आधीच खर्च करू नका म्हटलं), आणि मेंबरांना स्वतःच्या पोस्ट उतरवून घ्यायला वेळ द्या. ज्यांना एकमेकांच्या संपर्कात राहायचंय त्यांच्याकडून संमती घेऊन एक यादी करा आणि ती त्यांनाच पाठवून द्या.